झाडे मॅडमचे खोटे फोन

आमच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात माहितीपत्रकांचे अकरा गठ्ठे अजून तसेच पडून आहेत. 'आर्थिक साक्षरता, समृद्धीचा राजमार्ग' असं वर छापलंय आणि खाली एक गुळगुळीत चेहऱ्याचं कुटुंब दात दाखवत उभं आहे. असं कुटुंब मी वर्धा जिल्ह्यात अजून पाहिलेलं नाही. हे गठ्ठे वाटून संपवायचं काम माझं, आणि ते संपले नाहीत याला कारण सुमन झाडे. पहिलं पत्रक हातात आलं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, 'नामनिर्देशित व्यक्तीस दाव्याचे विप्रेषण' या ओळीवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "भाऊ, हे तुमाले समजलं का?"

मी खरं ते सांगितलं, की नाही.

"मंग बायायले कायले देता? ठेवा कपाटात."

मी मूळचा सिंदीचा. तिथल्या एका कापूस व्यापाऱ्याकडे दिवाणजी होतो. व्यापाऱ्याने दुकान गुंडाळलं तेव्हा वर्ध्याच्या या आर्थिक साक्षरता केंद्रात 'शिबिर सहायक' म्हणून चिकटलो. गावोगाव बॅनर बांधायचा, हजेरीच्या सह्या घ्यायच्या, फोटो काढून वर पाठवायचे आणि महिन्याचा अहवाल लिहायचा, एवढं माझं काम. शिकवायचं काम झाडे मॅडमचं. तीस वर्षं बँकेत कॅश काउंटरवर बसून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आमच्याकडे कंत्राटावर समुपदेशक होत्या. खेड्यातल्या बाया त्यांना 'बँकवाल्या बाई' म्हणत.

बुटक्या, अंगाने भरलेल्या, सुती साडीखाली पांढरे स्पोर्ट्स बूट. बूट गुडघ्यांसाठी होते, पण त्या बुटांमुळे चाल अशी व्हायची की आता कोणाला तरी जाऊन धरणार. आवाज मोठा. काचेपलीकडच्या माणसाला ऐकू जावं म्हणून तीस वर्षं मोठ्याने बोललेल्या, ती सवय जाणार कुठे! एस.टी.त शेजारी बसून त्या घरच्या गोष्टी सांगायला लागल्या की कंडक्टरसुद्धा मध्येच सल्ला द्यायचा.

हातात आलेला कुठलाही कागद पूर्ण वाचल्याशिवाय त्या खाली ठेवत नसत. लग्नाची पत्रिका असो की वर्गणीची पावती. एकदा गुडघ्याच्या तपासणीसाठी सेवाग्रामच्या दवाखान्यात त्यांच्यासोबत गेलो होतो. खिडकीवर एक फॉर्म दिला आणि सही करा म्हटलं. मॅडम तिथेच उभं राहून वाचायला लागल्या. मागे रांग मारुतीच्या शेपटासारखी वाढत चालली. एक म्हातारा ओरडला, "ओ बाई, परीक्षेले बसल्या का जी?" मॅडम शांतपणे मागे वळल्या आणि म्हणाल्या, "बाबाजी, तुमीबी वाचा. तुमाले नाई वाचता येत तर मी वाचून दाखवतो." आमच्याकडे बायाही 'मी जातो', 'मी येतो' असंच बोलतात. मग त्यांनी तो फॉर्म अख्ख्या रांगेला मोठ्याने वाचून दाखवला, अडलं तिथे खिडकीतल्या सिस्टरला विचारलं, आणि त्या सिस्टरने, धन्य तिची, सगळं समजावून सांगितलं. मी मात्र लाजेने खांबाआड उभा होतो.

त्यांचं शिकवणं असंच होतं. "बचत करा, बचत करा म्हणून मी त्याहिले काय शिकवू?" त्या म्हणायच्या. "बाया आपल्या लुगड्याच्या गाठीतून घरच्या तीन पिढ्या काढून राह्यल्या. मी विचारनं शिकवतो. पुढच्या मानसानं कागद सरकवला का विचारा, हे काय होय? त्यानं तोंड वाकडं केलं तरी विचारा. दुसऱ्यांदा विचारा."

अल्लीपूरच्या पहिल्या शिबिरात त्यांनी मला गोत्यात आणलं. समाजमंदिरात साठेक बाया जमल्या होत्या. मी नेहमीप्रमाणे हजेरीचा कागद फिरवला आणि सगळ्यांनी भराभर सह्या केल्या, काहींनी अंगठे उठवले. कागद परत आला तसा मॅडमनी तो हातात घेतला आणि वरची ओळ वाचली. ती त्यांनी सकाळी माझ्या नकळत लिहून ठेवली होती. 'खाली सह्या करणाऱ्या आम्ही सर्व जणी आमच्या घरची म्हैस स्वखुशीने सुमन झाडे यांना देत आहोत.'

बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. मग मागून एक बाई म्हणाली, "बाई, माह्याकडे म्हैस नाई, बकरी हाये." आणि जो हशा उसळला म्हणता!

"हसू नका," मॅडम म्हणाल्या. "मी म्हैस सोडून देतो. पुढचा सोडनार नाई. एकीनंबी वाचलं नाई. एकीनंबी विचारलं नाई."

"मी वाचलं होतं," पुढच्या रांगेतली एक सडपातळ बाई उठून म्हणाली. "पन मले वाटलं तुमच्यासारख्या मोठ्या बाईले कसं म्हनावं."

ती रेखा कोल्हे. नवरा सुनील टेम्पो चालवायचा, मुलगी प्रणाली बारावीला. मॅडमनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "तूच कामाची. वाचून गप्प बसनं सोडून दे फक्त."

तो हजेरीचा कागद मी न पाहता अहवालाला जोडून वर पाठवला. चूक माझी, पण खुलासा मॅडमकडून मागवला गेला. 'उपस्थिती पत्रकावरील म्हशींबाबत' असा त्या पत्राचा विषय होता. आमचे साहेब पुण्याकडचे, स्वभावाने वाईट नाहीत, पण कागदाला फार भिणारे. ते म्हणाले, "मॅडम, तुमचा हेतू कळतो मला. पण आपल्याकडून अपेक्षा काय आहे? शिबिरं, उपस्थिती आणि फोटो. फोटोत बॅनर दिसला पाहिजे."

"आन् बायायले काय समजलं ते?"

"ते फोटोत येत नाही ना, मॅडम."

साहेब हे विनोदाने म्हणाले नव्हते, हीच तर खरी पंचाईत.  

आता फोनांकडे येतो. ज्याला त्याला बँकेच्या नावाने खोटे फोन यायला लागले आणि आमच्या भागातल्या बाया भराभर फसायला लागल्या. 'खातं बंद होईल' म्हटलं की घाबरून मोबाइलवर आलेला ओटीपी सांगून मोकळ्या. शिबिरात शंभरदा सांगितलं तरी घरी फोन आला की विसरायच्या. मॅडम वैतागल्या आणि त्यांनी आपला उपाय काढला. स्वतःच्या पैशाने दुसरं सिमकार्ड घेतलं. दर मंगळवारी दुपारी, डबा खाऊन झाला की त्या ऑफिसात फोन स्पीकरवर टाकत आणि आपल्याच विद्यार्थिनींना फसवायला बसत. हिंदी फर्मास होती त्यांची, नागपूरच्या माहेरची. "मैडम, मैं बैंक से बोल रही हूँ. आपका खाता आज शाम को बंद हो जाएगा."

जी नंबर सांगेल तिला त्याच फोनवर खरा आवाज काढून झापायच्या. जी फसणार नाही तिचं नाव वहीत. हळूहळू बायांना या खेळाची गोडी लागली. त्या फोनचीच वाट पाहू लागल्या. एकीने मॅडमना बँकेसकट वर्धा नदीत बुडवलं. दुसरी म्हणाली, "तुह्या खात्याले लागो आग, मले भाकरी टाकू दे." मॅडमच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी यायचं. मीही हसायचो. आमच्या त्या कळकट ऑफिसात मंगळवार हा एकच दिवस बरा जायचा, म्हणून मी यात काही खोट पाहिली नाही.

रेखा या खेळात सगळ्यांच्या वरताण. तिला मॅडम कधीच फसवू शकल्या नाहीत. पहिल्या वाक्यालाच ती म्हणायची, "मॅडम, ओळखलं. जेवल्या का?" आणि फोन ठेवून द्यायची.

तिने आणखी एक केलं होतं. मॅडमच्या सांगण्यावरून बँकेतून नवऱ्याचा अपघात विमा काढला होता. फॉर्म आधी स्वतः वाचला, मग सुनीलला वाचून दाखवला आणि मगच त्याला सही करू दिली. पुढे वर्षाच्या आतच हिंगणघाटच्या रस्त्यावर त्याचा टेम्पो उलटला आणि तो जागीच गेला.

मॅडम तेरवीला गेल्या, मीही होतो. प्रणालीला नर्सिंगला घालायचं सुनीलच्या मनात होतं. सेवाग्रामकडे येता-जाता पांढऱ्या कपड्यातल्या पोरी पाहून तो म्हणायचा, माझीही अशीच जाईल. आता ते सगळं त्या विम्यावर होतं. मॅडमनी रेखाला सोबत घेऊन शाखेत अर्ज भरला, प्रत्येक कागदाची पोच घेतली आणि मला म्हणाल्या, "येवढं एक काम जरी झालं ना भाऊ, तरी माह्या या नोकरीचं सार्थक झालं."

तीनेक महिन्यांनी अल्लीपूरला पुन्हा शिबिर लागलं. मी बॅनर बांधत होतो. रेखा आली, सरळ मॅडमजवळ गेली. नवरा गेल्यानंतर त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

"मॅडम, तुमी लय पक्क्या हा! तीन डाव फोन केला. एक डाव तर बाप्याचा आवाज काढाले लावला कोनाले तरी. पन मी काई फसलो नाई."

"काय म्हने थो?" मॅडमनी विचारलं.

"क्लेमच्या ऑफिसातून बोलून राह्यलो म्हने. पोलिसाचा कोनता तरी कागद कमी हाये म्हने. मी पुढचं आयकलंच नाई. म्हटलं, मॅडम, किती सोंगं घ्यान? अन् देल्ला ठेवून."

बायांनी टाळ्या वाजवल्या. एकीने शिट्टीसुद्धा मारली. मॅडम खुर्चीवरून उठल्या होत्या, त्या परत बसल्या.

"रेखा," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. "मी कायले करीन वो तुले फोन? ज्या घरी मरन झालं त्या घरी मी नाई करत."

रेखाला लगेच कळलं नाही. ती हसतच होती. मग तिने कमरेचा फोन काढला आणि मागचे नंबर शोधायला लागली.  टाळ्या कधी थांबल्या ते माझ्या लक्षात आलं नाही.

शिबिर तसंच टाकून आम्ही तिघं शाखेत गेलो. दावा बंद झाला होता. वारसाने माहितीच्या मागणीस प्रतिसाद दिला नाही, असा शेरा. कागदही एकच कमी होता, पंचनाम्याची प्रत. ती पोलिसांकडून अर्जानंतर मिळाली होती आणि रेखाच्या घरात, ट्रंकेत, प्लास्टिकच्या पिशवीत घालून नीट ठेवलेली होती.

परत येताना एस.टी.त मॅडम खिडकीकडे तोंड करून बसल्या. आर्वी नाक्यावर गाडी थांबली तेव्हा म्हणाल्या, "मी त्याहिले फोन ठेवाले शिकवलं, भाऊ. आयकाले नाई शिकवलं. पहिले पुरं आयक, मंग शाखेत जाऊन विचार, हे सांगाले पाह्यजे होतं. पन फोन ठेवला का हशा पिके ना. मले तोच गोड लागला." मी काहीतरी समजूत घालायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "तुमी गप्प बसा."  त्या दिवशीचा अहवाल मला लिहावाच लागला. 'शिबिर यशस्वीरीत्या पार पडले,' असं मी लिहिलं. टाळ्यांचा फोटो छान आला होता, बॅनरसकट.

पुढचे कित्येक महिने मी मॅडमना कागदांच्या मागे धावताना पाहिलं. शाखा म्हणे, विमा कंपनीला विचारा. कंपनीच्या फोनवर एक दाबा, दोन दाबा, आणि शेवटी एक पोरगी गोड आवाजात सांगे की आपल्या शाखेशी संपर्क साधा. ऑनलाइन तक्रार केली तर 'तक्रार निकाली काढण्यात आली आहे' असा संदेश आला. निकाल काय लागला ते त्यात नव्हतं. ज्या बाईने गावोगाव दुसऱ्यांना विचारायला शिकवलं, ती आता दारोदार विचारत फिरत होती आणि प्रत्येक दार तिला शेजारच्या दाराकडे बोट दाखवत होतं. मला इतकी चीड यायची की काय सांगू! पण माझ्या चिडण्याला विचारतो कोण?

शेवटी मॅडमनी कंपनीला पत्र लिहिलं. केंद्राच्या लेटरहेडवर, स्वतःच्या अक्षरात. 'सौ. रेखा कोल्हे यांनी फोन ठेवला, यात त्यांची चूक नाही. त्यांना तसे मीच शिकवले. चूक माझी आहे, शिक्षा त्यांना नको.' बँकेत तीस वर्षं काढलेल्या बाईने लेखी चूक कबूल करावी, म्हणजे काय झालं असेल ते समजा. 'सौ.' लिहिलं गेलं हे त्यांच्या नंतर लक्षात आलं. तो कागद त्यांनी फाडला आणि पुन्हा पहिल्यापासून लिहिला.

साहेब हवालदिल झाले. "मॅडम, आपलं काम जागृती करणं. क्लेम मिळवून देणं नाही. आणि हे असं लेटरहेडवर? उद्या जिल्ह्यातला प्रत्येक अडलेला क्लेम आपल्या दारात येईल."

"येऊ द्या ना, साहेब. कोनाच्या तरी दारात जाऊ द्या त्याले."

पत्र गेलं. मार्च अखेरीला मॅडमचं कंत्राट नव्याने झालं नाही. कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं. निरोपाला आम्ही समोसे आणले आणि साहेब चार चांगले शब्द बोलले. मॅडमनी एक समोसा कागदात बांधून घेतला, पिशवी उचलली आणि गेल्या. तोवर नर्सिंगच्या प्रवेशाची मुदत टळून गेली होती. प्रणाली हिंगणघाटला एका कापडाच्या दुकानात कामाला लागली होती. रेखाने मध्यंतरी मॅडमशी बोलणं टाकलं होतं. मॅडम मात्र दर सोमवारी अल्लीपूरच्या गाडीत बसत. ती बोलो की न बोलो, तिच्या घरी जात, तिला सोबत घेत आणि शाखेत जाऊन उभ्या राहत. आता कोणाच्याही वतीने नाही, नुसत्याच सुमन झाडे म्हणून.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथेच. पुढच्या शिबिराचं पत्र द्यायला शाखेत गेलो होतो. मॅडम आणि रेखा काउंटरसमोर उभ्या होत्या. मॅडमच्या हातात ती फुगलेली फाइल होती. काउंटरवरचा पोरगा नवा होता आणि मॅडमकडे पाहूनच बोलत होता.

"मॅडम, तुम्ही बँकेच्याच आहात, तुम्हाला तर माहीतच आहे. केस पुन्हा उघडायची तर वारसाचा नवा अर्ज लागेल. तुम्ही भरून द्या, त्यांची फक्त सही घ्या."

मॅडमनी पिशवीतून पेन काढलं. खरंच काढलं, मी पाहिलं. इतक्या महिन्यांनी वाट दिसली म्हणून घाई झाली असेल, किंवा थकल्या असतील. त्या कागद ओढून भरायला लागल्या, तोच रेखाने त्यावर हात ठेवला.

"त्यायले कायले समजावता?" ती त्या पोराला म्हणाली. "मालक माह्या गेला. अर्ज माह्या हाये. मले समजवा."

"अहो, पण मॅडमना सगळं..."

"मॅडमले समजलं तरी पैसे माह्याच पोरीचे बुडले ना? मले समजवा. नाई समजलं तर दुसऱ्यांदा विचारीन."

मग तिने मॅडमकडे न पाहता फाइल त्यांच्या हातातून काढून घेतली. "तुमी बाहेर बसा, मॅडम. तुमी उभ्या असल्या का हा माह्याकडे पाहातच नाई."

मॅडम बाहेर येऊन पायरीवर बसल्या. मी शेजारी बसलो. आतून रेखाचा आवाज येत होता. हे काय होय? कोणी सही केली? कधीपर्यंत? नाव काय तुमचं? पोराचा आवाज आधी चढा होता, मग हळूहळू उतरला. दावा मंजूर होईल की नाही हे त्याला माहीत नव्हतं आणि तसं तो तीनदा म्हणाला. आजही ते कोणाला माहीत नाही.

"वाईट वाटलं, मॅडम?" मी विचारलं.

"लय वाईट वाटलं," त्या म्हणाल्या. मग पिशवी मांडीवर ओढून घेत म्हणाल्या, "पेन मीच काढलं होतं, भाऊ."

वर्ध्याची गाडी आली. रेखा अजून आतच होती. मॅडम गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, एकदा दाराकडे पाहिलं, पण तिला हाक मारली नाही. गाडीत चढल्या, आणि गाडी वळेपर्यंत मला शाखेच्या आतून रेखा विचारताना ऐकू येत होती.